झाडावरच्या सिंहाचं परमिट

७ ऑक्टोबर, सोमवार

आज दुपारी मी सिंहाच्या शिकारीतला जाणकार झालो. जेवणाच्या सुट्टीत झालो, आणि तेही माझ्या गैरहजेरीत.

घडलं ते असं. आमचे मालक यूसुफ साहेब, त्यांना सगळे बू-याकूब म्हणतात, गाडीतून फहाहीलला चालले होते. गाडी अरबाज चालवत होता. अरबाज राजापूरकडचा, म्हणजे माझ्या गावापासून दोन डोंगर पलीकडचा. वयानं तिशीचा, बोलण्यानं साठीचा. बू-याकूबनी त्याला सहज विचारलं, की या मुहंदिसचं आडनाव घेताना माझी जीभ वळत नाही, त्याला काही अर्थ तरी आहे का? (मी मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर, नाही. आयटीआय करून सेफ्टी ऑफिसर झालो. पण इथे आखातात डोक्यावर हेल्मेट असलं की माणूस मुहंदिस होतो.) अरबाजनं सांगितलं, वाघधरे म्हणजे वाघ धरणारे. अरबीत वाघाला काय म्हणतात ते त्याला ऐन वेळी आठवेना, म्हणून त्यानं 'असद' म्हणून टाकलं. असद म्हणजे सिंह.

मी तेव्हा मीना अब्दुल्लाच्या यार्डात स्कॅफोल्डिंगच्या पाइपांच्या सावलीत डबा खात होतो. आमची कंपनी रिफायनऱ्यांना स्कॅफोल्डिंग, म्हणजे वर चढून काम करायच्या परांच्या, उभारून देते. डबा संपायच्या आत केबिनमधून बोलावणं आलं. बू-याकूबचे आजोबा गलबतातून मुंबईला खजूर न्यायचे, त्यामुळे त्यांच्या घरात सगळ्यांना मोडकंतोडकं हिंदी येतं.

"मुहंदिस! तुम्हारा बाबा असद पकडता था?"

"नही साहब. पोस्टमन था."

"उसका बाबा?"

"खेती करता था."

"उसका बाबा?"

"उसका मालूम नही साहब."

"बस! वोही," बू-याकूब म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषमंडळी जमून चहा-कॉफी पितात त्या बैठकीत, त्यांचे चुलतभाऊ बू-तलाल आफ्रिकेत मारलेल्या रानरेड्याचे फोटो फिरवत होते. तेच फोटो तिसऱ्यांदा हातात आल्यावर बू-याकूबच्या तोंडून निघून गेलं, "मी अमेरिकेत जाऊन डोंगरातला सिंह मारणार आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता जाणं भाग आहे. सगळी व्यवस्था मी करायची आणि बरोबरही मीच जायचं, कारण सिंह धरणं माझ्या रक्तात आहे.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्यांच्या कंपनीवर आहे आणि माझ्या मुलीची, जुईलीची, बारावी मार्चमध्ये आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

घटाला माळ घातली आणि घरात विषय काढला. जुईलीनं फोनवर फोटो दाखवला. "बाबा, इट्स अ प्यूमा. इट्स नॉट इव्हन अ लायन." आयाळ नाही, गर्जना नाही. रंगानं आमच्या गावच्या वासरासारखा, तोंडानं मांजरासारखा. कॅनडापासून खाली अर्जेंटिनापर्यंत सगळीकडे आहे म्हणे. कुठे त्याला प्यूमा म्हणतात, कुठे कूगर, आणि अर्जेंटिनातले शेतकरी सरळ सिंहच म्हणतात. म्हणजे अरबाजची चूक तिकडेही झालेली आहे.

शिकारीची रीत वाचली. बर्फात ताजं पाऊल सापडलं की वाटाड्या कुत्री सोडतो. कुत्री भुंकत मागे लागतात. सिंह पळतो, दमला की झाडावर चढतो. मग पाहुणा धापा टाकत झाडाखाली पोचतो आणि गोळी घालतो.

वाचल्यावर बराच वेळ घटासमोर बसलो. आमच्या गावच्या वेशीवर वाघजाई आहे. देऊळ कसलं, चार दगड आणि वर पत्रा. शाळेला जाताना तिथे चपला हातात घेऊन जायचो. रानात काही दिसलं तर त्याचं नाव घ्यायचं नाही, देवीचं जनावर म्हणायचं, अशी शिस्त. अमेरिकेतलं जनावर त्याच देवीचं की दुसऱ्या कुणाचं, हे मला कोण सांगणार? पण माझं आडनाव पुढे करून कुणी त्याला मारावं, हे मला नको आहे.

तसा मी काही साधू नाही. नवरात्र संपलं की सुरमई खाणार आहे. मग सुरमईला एक न्याय आणि सिंहाला दुसरा का? सुरमई मारायला मी कधी विमानानं गेलो नाही, एवढंच खरं.

बायको, चारुशीला, म्हणाली, "अहो, सरळ सांगा ना साहेबांना, मला हे पटत नाही म्हणून." तिला काय होतंय? ती दवाखान्यात नर्स आहे. तिथे मोठमोठी माणसं तिच्यापुढे दंड उघडा करून गप्प बसतात. माझं तसं नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

शस्त्रपूजेला घरात शस्त्र नाही, म्हणून दरवर्षी हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट ठेवतो. आज हळदकुंकू लावताना उपाय सुचला. देवीनंच सुचवला म्हणायचा.

रिफायनरीत साधा बल्ब बदलायचा तरी आधी परमिट लागतं. काम काय, त्यात धोका काय, तो कसा टाळणार, हे सगळं लिहायचं आणि खाली सेफ्टी ऑफिसरची सही. सही नाही तर काम नाही. मग मालक असो की मंत्री असो. मी शिकारीचं परमिट करणार. एवढ्या धोक्याच्या कामाला सही मिळणं शक्यच नाही. खोटं बोलायला नको आणि तोंडावर नाही म्हणायलाही नको. कागदच नाही म्हणेल.

बू-याकूबना फोन करून सांगितलं, की नियमाप्रमाणे आधी परमिट करावं लागेल. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "परमिट? और परमिट नही मिला तो?"

"तो काम बंद, साहब."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "करो, करो. अच्छा करके करो. जल्दी नही." शिस्तीचा माणूस.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

अमेरिकेतल्या पाच वाटाड्यांना माझा फॉर्म पाठवला होता. तिघांनी उत्तर दिलं नाही. एकानं विचारलं, ही थट्टा आहे का? आयडाहो नावाच्या राज्यातल्या रॉय नावाच्या माणसानं मात्र सगळे रकाने भरून पाठवले. इथे उतरवून ठेवतो.

काम जमिनीपासून किती उंचीवर? 'सिंह तीस फुटांवर. तुम्ही जमिनीवर.'

झाड भार पेलेल याची तपासणी कोणी केली? 'सिंहानं.'

मदतनिसांची नावं आणि अनुभव? 'बेसी, सहा हिवाळे. डॉली, चार हिवाळे. तिसरा नवीन आहे, तो अजून खारींच्या मागे जातो.'

अपघात झाल्यास बाहेर पडण्याचा मार्ग? 'आलात तोच. फक्त जास्त वेगानं.'

काम कोणत्या परिस्थितीत थांबवाल? 'मादी असेल आणि पिल्लं असल्याची शंका आली तर. बर्फात पिल्लांची पावलं दिसतात. खात्री नसेल तर कुत्री बांधतो आणि सगळे घरी जातो.'

झाडाचं उत्तर मला पटलं. ज्याला वर चढायचं आहे त्यानंच आधी तपासावं, हे आम्ही फोरमनना ओरडून सांगतो. आणि शेवटचं उत्तर मी उठून चारुशीलालाही वाचून दाखवलं. शंका आली म्हणून घरी जाणारा माणूस. असे फोरमन मला वीस वर्षांत दोनच भेटले.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

धोक्यांची पहिली यादी घेऊन केबिनमध्ये गेलो. बू-याकूबनी चष्मा लावला, दार लावायला सांगितलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "मुश्किला फी?" काही अडचण आहे का?

"फी, साहब. पहला मुश्किला, ठंडी. मायनस पंधरा."

"मायनस पंधरा!" त्यांचा चेहरा उजळला. "आदमी मर सकता है?"

"मर सकता है."

"या सलाम! और?"

"बरफ में सात-आठ किलोमीटर चढाई."

"मेरा घुटना!" ते अगदी आनंदानं म्हणाले. किती निधड्या छातीचा माणूस. संकट ऐकून असा खुलणारा मी दुसरा पाहिला नाही. माझ्यासाठी त्यांनी केशर घातलेला चहा मागवला.

पण आता माझा दोष लिहितो. धोका लिहून समोरचा उपायाचा रकाना कोरा ठेवणं मला जमत नाही. उपाय माहीत असून न लिहिणं हे आमच्या कामात खोटं बोलण्यासारखंच आहे. म्हणून मी रात्रपाळीच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांकडून चौकशी केली होती. ते उणे पंचवीसमध्ये काम करतात. त्यांचे कपडे, मोजे, टोप्या, सगळं फहाहीलमध्ये मिळतं. आणि चढाईसाठी दोन महिने सराव केला तर काहीच कठीण नाही. मी म्हटलं, "तो दोनो का सोल्यूशन मिल गया. माफी मुश्किला, साहब." म्हणजे काही अडचण नाही.

बू-याकूबनी चष्मा काढला. "मिल गया?"

"पूरा."

त्यांनी चहा तसाच ठेवला. दमले असावेत.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सराव सुरू. बर्फात चालायला जे रुंद जाळीचे जोडे लागतात ते अरबाजनं मागवले आणि आम्ही वाळूत गेलो. बाहेर तीस अंश. बू-याकूब आपला पायघोळ झगा, दिशदाशा, वर खोचून पायात बॅडमिंटनच्या रॅकेटी बांधल्यासारखे चालत होते. तीन उंट वळून उभे राहिले.

"सदाभाव," अरबाज माझ्या कानाशी म्हणाला, "मानूस बघा नि त्येचा चेरा बघा. सुंता होनाऱ्या पोरासारखा दिसतोय."

"गप रे. निर्धार आहे तो."

"व्हय व्हय. निर्धारच हाय. घामानं भिजलाय निस्ता."

संध्याकाळी ओळखीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नेलं. गोठलेल्या कोंबड्यांच्या खोक्यांमधून जाड कपडे घालून आम्ही दोघं फेऱ्या मारत होतो. दाढीवर दव गोठलं. मी विचारलं, ठीक आहे ना? ते म्हणाले, "मुहंदिस, तुमको डर नही लगता?"

"लगता है साहब."

ते थांबले. माझा हात धरून म्हणाले, "लगता है? कितना? बहुत? बोलो, शरमाना नही."

मला वाटलं माझी परीक्षा घेताहेत. मालकाचं धैर्य आपल्यामुळे खचू नये म्हणून म्हटलं, "थोडा. आप साथ में हैं तो वो भी नही."

त्यांनी हात सोडला आणि एका कोंबडीच्या खोक्यावर बसले.

मी मनात देवीची माफी मागत होतो. अडवायला निघालो आणि तयारी करून देतो आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

परमिटमध्ये 'शारीरिक पात्रता' असा रकाना आहे. बू-याकूब म्हणाले, यात चालढकल नको, तुमच्या मॅडमकडेच जाऊ. चारुशीलाच्या दवाखान्यात गेलो. रक्तदाब उत्तम. ते म्हणाले, परत बघा. परत उत्तम. "मॅडम, दूसरा हाथ देखो." दुसऱ्या हातावर त्याहून चांगला. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला आणि म्हणाले, तुम्ही डोंगरच काय, मिनार चढाल. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ. सरावामुळे वजन उतरलं आहे. बू-याकूब कागद हातात घेऊन बराच वेळ भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत उभे होते.

रात्री चारुशीला पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, तुमच्या साहेबांना काय होतंय, ते तुम्हाला खरंच कळत नाही?"

"गुडघाच असणार. एक्स-रेमध्ये सगळं येत नाही."

तिनं लाटणं खाली ठेवलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. का, ते सांगेना.

३ डिसेंबर, मंगळवार

माझी शेवटची आशा व्हिसा होती. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, कशासाठी जाताय? म्हटलं, सिंहाच्या शिकारीला. याआधी किती शिकारी केल्या? एकही नाही. बंदूक चालवता येते? नाही. मग तुम्हाला का नेताहेत? मी खरं तेच सांगितलं. "माझ्या आडनावामुळे." त्यांनी मला आडनावाचा अर्थ विचारला, मी तो सांगितला, बाई इतक्या हसल्या की शेजारच्या खिडकीवरच्या साहेबांना बोलावून पुन्हा सांगायला लावला. व्हिसा मिळाला.

बू-याकूबनाही मिळाला. बाहेर येऊन ते म्हणाले, "कोई काम का आदमी नही यहाँ." बहुतेक बाहेरच्या गाडीतळाबद्दल बोलत असावेत.

१० डिसेंबर, मंगळवार

फॉर्म पूर्ण झाला. एकही रकाना कोरा नाही. वीस तारखेचं विमान आहे. एवढ्या वर्षांत मी याच्याइतकं निर्दोष परमिट केलेलं नाही, आणि ते नेमकं या कामाचं असावं.

सही राहिली आहे. काल पेन हातात घेतलं आणि ठेवून दिलं. सगळे धोके पाहुण्याचे लिहिलेत. थंडीचा, चढाईचा, घसरण्याचा, बंदुकीचा. तरी काहीतरी राहिलं आहे असं वाटतं. असं वाटतं तेव्हा नेहमी राहिलेलं असतं. पण काय, ते सापडत नाही. घरातल्या वाघजाईच्या फोटोला विचारलं. ती काही फॉर्म भरणारी नाही.

बू-याकूबनी निरोप पाठवला आहे, की सही गुरुवारी दिवाणियात, सगळ्यांसमोर करायची.

१२ डिसेंबर, गुरुवार

रात्र बरीच झाली आहे, पण आजच लिहायला हवं.

दिवाणियात वीसेक माणसं होती. भिंतीला लागून बैठका, मध्ये लांब चोचीच्या कॉफीच्या किटल्या, म्हणजे दल्ले, आणि धुपाचा धूर. मी दारापाशी बसत होतो. बू-याकूबनी आपल्या शेजारी बसवलं. समोर बू-तलाल. अंगानं बारीक, आवाजानं मोठे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हा सिंह धरणारा? यूसुफ, याला मांजर तरी धरता येतं का?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण प्रश्न रास्त होता.

"आणि तू?" बू-तलाल पुढे म्हणाले, "लहानपणी ससाणा हातावर बसला तर रडायचास. झाडाखाली उभा राहून रडू नकोस. सिंहाला वाईट वाटेल."

बू-याकूबनी कॉफीचा पेला ठेवला. फॉर्म माझ्या मांडीवर ठेवला, वर पेन ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "मुहंदिस. आखिरी बार पूछता हूँ. सबके सामने. मुश्किला फी?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. धूर फार होता.

मी सहीच्या जागेवर पेन टेकवलं. आणि पहिल्याच रकान्यावर नजर गेली. 'सिंह तीस फुटांवर. तुम्ही जमिनीवर.' सात आठवडे मी ती ओळ रोज वाचत होतो. यार्डात नवीन माणूस भरती झाला, की मी त्याला पहिली गोष्ट कुठली शिकवतो? वर कुणी अडकला असेल तर बाकी सगळं काम थांबवायचं आणि आधी त्याला सुखरूप खाली उतरवायचं. तो आपल्या कंपनीचा आहे की दुसऱ्या, ते नंतर विचारायचं. आणि इथे मी वर अडकलेल्याला खाली पाडण्याच्या कामावर सही करत होतो. धोक्यांच्या यादीत तोच नव्हता.

"फी, साहब," मी म्हटलं. आवाज फारच बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हटलं. "मुश्किला फी."

कॉफी ओतणारा पोरगा दल्ला तसाच हातात धरून थांबला.

"क्या मुश्किला?" बू-याकूबनी विचारलं.

"वो ऊपर फँसा है साहब. नीचे कुत्ते हैं, उतरने का रास्ता बंद है. हमारे काम में ऊपर फँसे आदमी को पहले नीचे उतारते हैं. उसका उपाय इस फॉर्म में नही है. मैं साइन नही करेगा. मैं आएगा भी नही."

असं मी मालकाला, सगळ्यांसमोर, त्यांच्याच घरात म्हणालो. जुईलीची बारावी डोळ्यांपुढे उभी राहिली. मनात म्हटलं, आता गावी जाऊन काजूची कलमं लावायची.

बू-याकूब उभे राहिले. इतक्या जोरात की पेला कलंडला.

"सुना?" ते गरजले. "सुना सबने? सेफ्टी ने काम बंद किया!"

बू-तलाल म्हणाले, "अरे, तुझाच नोकर आहे. सांग त्याला सही करायला."

"मी? सेफ्टीच्या वर?" बू-याकूबनी दोन्ही कानांना हात लावले. "अस्तग़फ़िरुल्लाह! उद्या माझ्या स्कॅफोल्डिंगवर कोण चढेल? मी जाणार होतो. कपडे तयार, जोडे तयार, व्हिसा तयार, गुडघे तयार. विचारा डॉक्टरला! पण कायदा म्हणजे कायदा. खलास!"

मग त्यांनी माझा खांदा धरला आणि असा आवळला, की अजून दुखतो आहे. पराकोटीच्या रागात माणसाला स्वतःची ताकद कळत नाही.

एक म्हातारे गृहस्थ कोपऱ्यातून हळूच म्हणाले, "पण मुहंदिस बरोबर बोलला." बू-तलाल आपल्या फोनमध्ये बघत होते. फोटो मात्र त्यांनी आज फिरवले नाहीत.

निघताना बू-याकूबनी हरीसचं, म्हणजे गहू-मटणाच्या लापशीचं, भरलेलं पातेलं, खजुराचं खोकं आणि एक अख्खं कलिंगड गाडीत ठेवायला लावलं. नोकरीवरून काढताना असं देत असावेत. अरबाजला तसं म्हटलं, तर तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत राहिला. "सदाभाव," तो म्हणाला, "तुमी त्याला वाचवलंत हो."

खरं आहे. फार मोठं पाप होता होता राहिलं.

१५ डिसेंबर, रविवार

कामावरून काढलेलं नाही. उलट केबिनमधून गाण्याचा आवाज येत होता. दुःख लपवायची एकेकाची रीत असते. मी आत जाऊन विचारलं, साहेब, माझ्यावर राग नाही ना? त्यांनी तोंड वाकडं करून, फार मोठा राग आहे असं सांगितलं आणि माझ्यासाठी केशराचा चहा मागवला.

रॉयला माफीचं पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं. 'वाईट वाटून घेऊ नका. इथवर येऊनसुद्धा कितीतरी पाहुणे वर बघतात, बराच वेळ बघतात आणि म्हणतात, चला परत जाऊ. तेव्हा परत फिरणं कुत्र्यांना जड जातं, मला नाही. तुमचा फॉर्म मी भिंतीवर लावला आहे. कधी नुसते कॉफीला या.' चांगला माणूस. वाघजाईसमोर त्याच्या नावानंही दिवा लावला, आणि बेसी, डॉली आणि त्या नव्या कुत्र्याच्या नावानं एक.

६ जानेवारी, सोमवार

आज अचानक बू-तलाल यार्डात आले. एकटे, गाडी लांब उभी करून. मला पाइपांच्या आडोशाला नेलं आणि हळू आवाजात बोलले. त्यांनीही गेल्या गुरुवारी दिवाणियात काहीतरी जाहीर केलं आहे. समुद्रात पिंजऱ्यात बसून खाली जायचं आणि शार्क मासे जवळून बघायचे. कुणाला मारायचं नाही, कुणाला अडकवायचं नाही, त्यामुळे माझी काही हरकत नसावी. पण तरीही मी एकदा सगळे कागद बघावेत, अगदी बारकाईनं.

"काही सापडलं तर न घाबरता बोल," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर बोललास तरी चालेल."

मला फार बरं वाटलं. ज्यानं मला मांजरावरून हिणवलं, तोच आज विश्वासानं आला. मी डबा बाजूला ठेवून पिंजऱ्याचे नकाशे पाहिले. लोखंड हे माझं रोजचं काम. पाइप जाड, जोड उत्तम, साखळी गरजेपेक्षा दुप्पट ताकदीची. मी म्हटलं, "माफी मुश्किला! डोळे मिटून जा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "पुन्हा बघ."

पुन्हा पाहिलं. पुन्हा पाहिल्यावर ते आणखीच चांगलं वाटलं, आणि तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. खुशखबर पचायलाही वेळ लागतो. त्यांना धीर यावा म्हणून मी केबिनच्या उघड्या दाराकडे हात करून मोठ्यानं म्हटलं, की पिंजरा दोन माणसांचा आहे, बू-याकूबनाही बरोबर न्या, त्यांची सगळी तयारी झालेलीच आहे, आणि या कामावर मी आत्ता, इथेच सही करतो.

केबिनचं दार धाडकन बंद झालं. वारा असावा.